तीनशे अठरा ओळींची बेल

बदलाच्या अर्जात 'बदलाचे कारण' असा एक रकाना असतो. उकळ्यांनी त्यात एकच शब्द लिहिला : लाज.

अर्ज दहा मिनिटांत परत आला. कारण किमान पन्नास अक्षरांचं हवं, असं अर्ज घेणाऱ्या संगणकाचं म्हणणं होतं. दोन अक्षरांत मावणारी लाज त्याला पुरत नव्हती. उकळ्यांनी दातओठ खाऊन पुन्हा लिहिलं, "लाज वाटते म्हणून बदल करतो आहे. तुम्हालाही वाटायला हवी. वाटत नसेल तर अर्ज नामंजूर करून खाली सही करा, म्हणजे कुणाला वाटत नाही ते तरी कळेल." हा अर्ज लगेच पुढे गेला. संगणकानं अक्षरं मोजली होती, वाचली नव्हती.

उकळे हे त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव ओळखपत्रावर होतं आणि ते तिथंच राहिलं. हा माणूस सकाळी नऊला ऑफिसात येतो आणि सव्वानऊला उकळायला लागतो, म्हणून कुणीतरी हे नाव ठेवलं. ते इतकं चपखल बसलं, की एकदा खुद्द डायरेक्टरांनी भर सभेत "मिस्टर उकळे" अशी हाक मारली. उकळ्यांनी "येस सर" म्हणून ओ दिली आणि नंतर दिवसभर त्याबद्दल स्वतःवरच उकळले.

आता लाज कसली, ते सांगतो.

दवाखान्यात खाटेच्या उशाशी वायरला लोंबकळणारं एक बटण असतं. पेशंटनं ते दाबलं की नर्सच्या टेबलासमोरच्या बोर्डावर त्या खाटेचा दिवा लागतो आणि बेल वाजते. उकळ्यांची कंपनी हे बोर्ड बनवते. बोर्डाच्या पोटात एक चिप असते. ती आपली बारीकसारीक कामं करत बसलेली असते. बटण दाबलं गेलं, की तिनं हातातलं काम टाकून उठायचं, कोणत्या खाटेनं हाक मारली ते टिपून घ्यायचं आणि तडक जागेवर परत जायचं. या उठण्याला इंटरप्ट म्हणतात. दिवा, आवाज, कागदावरची नोंद ही बाकीची कामं मागाहून सावकाश करायची. कारण ती उठलेली असताना दुसऱ्या कुणाची हाक तिला ऐकू येत नाही. म्हणून उठायचं ते क्षणभर. यात न कळण्यासारखं काय आहे? शेंबड्या पोरालाही कळेल.

पण कंपनीत शेंबडी पोरं नव्हती, मॅनेजर होते.

उकळ्यांनी पहिल्या बोर्डासाठी हा कोड, म्हणजे चिपनं काय करायचं त्याच्या सूचना, लिहिला तेव्हा तो बावीस ओळींचा होता. मग त्यांना वजनकाट्यांच्या विभागात टाकलं आणि ते तिथंच मुरले. अकरा वर्षांनी फाइल उघडून बघतात तर बावीसच्या तीनशे अठरा झालेल्या. कुणीतरी डायरेक्टरांच्या मेहुण्यानं बसवलेली तीन सेकंदांची ट्यून तिथंच घातली होती. विक्री मॅनेजरांच्या आग्रहावरून खाटेचा नंबर पडद्यावर उजवीकडून एकेक अक्षर घसरत यायचा, तेही तिथंच. कुणी दिवसभरातल्या हाकांची सरासरी काढत होता, कुणी तारीख तीन प्रकारे लिहून बघत होता. म्हणजे दारात माणूस आला की त्याला उंबऱ्यातच उभं करून त्याच्या सात पिढ्यांची चौकशी करायची, आणि तोवर मागे उभे असलेले पाच जण कंटाळून निघून जायचे. वर शेवटच्या ओळीत, मधल्या वेळात आलेल्या सगळ्या हाका एका फडक्यानं पुसून टाकलेल्या. पाटी कोरी. तक्रारीला जागा नाही.

उकळ्यांनी टेबलावर दोन बटणं जोडली आणि पाठोपाठ दाबली. एक दिवा लागला. दुसरा लागलाच नाही.

ते बराच वेळ त्या न लागलेल्या दिव्याकडे बघत बसले.

कारण सात महिन्यांपूर्वी त्यांची बायको अशाच एका बोर्डाच्या एकोणीस नंबरच्या खाटेवर होती. उकळे दुपारी चहा घ्यायला खाली गेले होते. पंचवीस मिनिटांनी वर आले तेव्हा तिच्या मुठीत बटण होतं, अंगठा बटणावर होता आणि डोळे मिटलेले होते. ते पुन्हा नीट उघडले नाहीत. दोन दिवसांनी ती गेली. लवकर कुणी आलं असतं तरी फरक पडला नसता, असं डॉक्टर म्हणाले, आणि ते खरंही असेल. पण तिला काय हवं होतं ते विचारायचं राहिलं ते राहिलंच.

त्या दुपारी वॉर्डच्या मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "अहो, बेल वाजलीच नाही." उकळे भर व्हरांड्यात ओरडले, "खोटं बोलता! तो बोर्ड आमच्या कंपनीचा आहे. आमचा बोर्ड चुकत नाही!" सिस्टरनी बोर्डानं छापलेल्या नोंदींची गुंडाळी उलगडून दाखवली. एकोणीसची नोंद नव्हती. उकळ्यांनी तीही खोटी ठरवली.

तर ही लाज. ती दोन अक्षरांतच मावत होती. संगणकाला काय कळणार?

कोड सोपा करायचा म्हणजे बाकी सगळं बाहेर काढायचं आणि आत फक्त टिपून घेणं ठेवायचं. दोन दिवसांचं काम. रविवारी घरीच बसून उरकावं म्हणून उकळ्यांनी संगणक मांडला. तेवढ्यात दाराची बेल वाजली. शेजारचे हेडमास्तर होते. ते निवृत्त झाले होते, पण शाळेतून. उपदेशातून नाही.

"काय करताय?"

"काम."

"रविवारी? अहो, मन रमवायला हवं. कुंड्या आणा. नाहीतर कुत्रा पाळा."

"मला कुत्रं आवडत नाही."

"त्याला तुम्ही आवडलात तर?" हेडमास्तर खुर्ची ओढून बसले. कोड कशाचा ते त्यांनी विचारून घेतलं, मान डोलावून ऐकलं आणि म्हणाले, "पण वाजते ना बेल?"

"कधी वाजते, कधी नाही."

"मग वाजते की! पंचेचाळीस मुलांच्या वर्गात मी हात वर केलेल्या दोघांनाच विचारायचो. बाकीच्यांचं काही अडलं नाही. चालत्या गाड्याला हात लावू नये, उकळे."

"ते माझं आडनाव नाही."

"हो का? दारावर पाटी नाही म्हणून घोटाळा झाला," असं म्हणून हेडमास्तरांनी दारावर पाटी असण्याचे फायदे सांगितले. पाऊण तास.

ते गेल्यावर गॅसवाला आला, मग इमारतीचा सेक्रेटरी पाण्याच्या टाकीची नोटीस घेऊन आला, मग दोनदा चुकीचे फोन आले. पूर्वी हे सगळं उकळ्यांपर्यंत पोचतच नसे. ती दारातून काय ते बघून घ्यायची आणि संध्याकाळी जेवताना एका वाक्यात सांगायची. वीस वर्षं उकळ्यांना वाटत होतं, की आपल्या घरी फारसं कुणी येत नाही.

रविवारी तीन ओळी लिहून झाल्या. त्यातली एक चुकीची होती.

गुरुवारी बदल समिती बसली. पाच माणसं, सहा बिस्किटं. विक्री मॅनेजरांनी अर्ज वर धरला.

"कुणा ग्राहकाची लेखी तक्रार आहे का?"

"नाही."

"मग गरज काय?"

"या बिघाडात ग्राहक तक्रार करायला उरत नाही," उकळे म्हणाले. "हाच त्याचा गुण आहे. तुम्ही माहितीपत्रकात छापा."

उकळ्यांची बायको गेली हे सगळ्यांना माहीत होतं. सगळे भेटायलाही येऊन गेले होते. पण कोणत्या दवाखान्यात आणि कोणत्या बोर्डाखाली, हे कुणी विचारलं नव्हतं आणि उकळ्यांनीही सांगितलं नव्हतं. आता ते सगळ्यांना एकदम कळलं. एकानं बिस्किट परत ठेवलं.

विक्री मॅनेजर घसा साफ करून म्हणाले, "ट्यून मात्र राहू दे. ट्यून ही आपली ओळख आहे."

उकळे उठून उभे राहिले. पुढे जे बोलले ते इतिवृत्तात 'सविस्तर चर्चा झाली' एवढंच लिहिलं आहे.

निर्णय असा झाला : एका वॉर्डात एक आठवडा नवा कोड चालवून बघावा. दवाखान्याचे प्रशासक आणि वॉर्डच्या सिस्टर यांनी 'समाधानकारक' अशी सही दिली तर तो सगळ्या बोर्डांत जाईल. 'असमाधानकारक' म्हणाले तर जुना कोड परत, आणि पुढची दोन वर्षं त्याला कुणी बोट लावायचं नाही. दवाखाना अर्थातच जवळचा. म्हणजे तोच. वॉर्डही तोच.

दुसऱ्या दिवसापासून उकळे कोड उपसू लागले. चाचणी विभागात एकच बाई होत्या. सगळे त्यांना टेस्टिंगबाई म्हणत. यंत्र मोडलेलं असेल तर ते त्यांच्याकडे आपण होऊन कबुली देई, इतक्या त्या शांत होत्या. त्या शेजारी बसून ऐकत होत्या आणि उकळे प्रत्येक ओळीला वेगळी शिवी देत होते. ट्यून गेली. घसरती अक्षरं गेली. मग ते एका ओळीपाशी आले आणि त्यांचा आवाज चढला.

"हे बघा! हे बघा काय लिहिलंय गाढवानं! नोंद छापणाऱ्या प्रिंटरचा होकार येईपर्यंत इथं थांबायचं. आतच! आणि कागद संपला असला तर? तर तीस सेकंद थांबायचं! तीस सेकंद अख्खा वॉर्ड बहिरा! कोण हा? मी म्हणतो याला शाळेत कुणी घातलं? याला आईबाप होते का? शेजारी टीपसुद्धा लिहिलीय नालायकानं, 'तात्पुरतं आहे, उद्या काढतो.' कधी उजाडणार तुझा उद्या?"

"बघू का कोणी लिहिलंय?" टेस्टिंगबाईंनी विचारलं.

"बघाच! नोकरीत असेल तर जिन्यावरून ढकलतो."

बाईंनी कोडचा जुना इतिहास, म्हणजे कोणती ओळ कुणी आणि कधी लिहिली त्याची नोंद, उघडला. थोडा वेळ पडद्याकडे बघितलं. मग पडदा हळूच उकळ्यांकडे वळवला आणि खिडकीबाहेर बघू लागल्या.

तारीख अकरा वर्षांपूर्वीची. वजनकाट्यांकडे जाण्याआधीचा शेवटचा शुक्रवार. आणि नाव तेच, जे ओळखपत्रावर होतं आणि तिथंच राहिलं होतं.

उकळ्यांना तो शुक्रवार आठवत नव्हता. डोकं खाजवून खाजवून एवढंच आठवलं, की त्या काळात शुक्रवारी संध्याकाळी दोघं फिरायला जायची आणि उशीर झाला की ती जिन्यात चपला घालून उभी राहायची. उशीर होऊ नये म्हणून माणूस काय काय तात्पुरतं लिहून ठेवतो.

"जिन्यावरून ढकलू?" बाईंनी अगदी सौम्यपणे विचारलं.

"ढकला," उकळे म्हणाले. पण आवाजात जोर नव्हता.

त्यानंतर पाच दिवस ऑफिसात कुणाला त्यांचा आवाज ऐकू आला नाही. लोक घाबरले. माणूस आजारी आहे असं ठरलं. सहाव्या दिवशी कोड अकरा ओळींचा झाला आणि उकळ्यांनी टेस्टिंगबाईंना बोलावलं.

"दाबा."

बाईंनी बटण एकदा दाबलं. बेल एकोणीस वेळा वाजली.

"मी एकदाच दाबलं," बाई म्हणाल्या.

"मला दिसतंय!" उकळ्यांचा आवाज परत आला आणि शेजारच्या खोलीतल्या लोकांनी सुटकेचा निःश्वास सोडला. झालं होतं असं, की बटण दाबलं तरी आतली पत्र्याची पट्टी एकदा टेकून गप्प बसत नाही, चेंडूसारखी थोडी उडते. जुन्या कोडात वीस मिलिसेकंद थांबायची एक ओळ होती, ती याच उड्या संपेपर्यंत. उकळ्यांनी तीही कचरा समजून फेकली होती. तीनशे अठरा ओळींत एक ओळ शहाणी होती आणि नेमकी तीच आधी गेली. सरसकट झाडू मारणाऱ्याचं असंच होतं.

त्यांनी ते थांबणं आत ठेवलं नाही. आत फक्त टिपायचं. उड्या होत्या की खरी हाक, ते बाहेर ठरवायचं. आणखी चार दिवस गेले. शेवटी बेचाळीस बटणं टेबलावर मांडून ऑफिसातल्या झाडून सगळ्यांना बोलावलं आणि एकदम दाबायला लावलं. बेचाळीस दिवे लागले. टेस्टिंगबाई म्हणाल्या, "पास." त्यांच्या तोंडी हा शब्द त्या वर्षात पहिल्यांदाच आला होता.

सोमवारी उकळे बोर्ड बसवायला वॉर्डात गेले. मोठ्या सिस्टरनी त्यांना लगेच ओळखलं. उकळ्यांनी रस्ताभर वाक्य पाठ केलं होतं. ते त्यांनी एका दमात म्हणून टाकलं, "तुम्ही खरं बोलत होतात, बेल वाजली नव्हती."

"ते मला तेव्हाच माहीत होतं," सिस्टर म्हणाल्या. "तुम्हाला कळायला सात महिने लागले. जरा बाजूला व्हा, ट्रॉली जाऊ द्या."

बोर्ड सुरू झाला. नऊ वाजले होते. साडेनऊपर्यंत उकळे खुशीत होते. दिव्यामागून दिवे लागत होते. एकही हाक सुटत नव्हती. दहापर्यंत त्यांना जरा विचित्र वाटू लागलं. अकराला बेल थांबेचना. तीन, अकरा, तेवीस, चोवीस, पुन्हा तीन. तीन नर्स इकडून तिकडे पळत होत्या. कागदाची गुंडाळी जमिनीवर लोळत होती. बारा वाजता सिस्टर कमरेवर हात ठेवून समोर उभ्या राहिल्या.

"हे काय करून ठेवलंत?"

"सगळ्या बेल वाजताहेत," उकळे अभिमानानं म्हणाले.

"ते ऐकू येतंय! खाटा बेचाळीस, आम्ही तिघी! आधी सकाळभरात साठ-सत्तर बेल यायच्या. आता बाराला दोनशे झाल्या. मी आपली समजत होते, माझ्या वॉर्डातले पेशंट सोशिक आहेत. आठ वर्षं समजत होते! बेल वाजवायला शिकवलंत, आता धावणारे पाय कुठून आणू? तेही तुमच्या कंपनीत बनतात का?"

सात महिने उकळे आधी या बाईंवर, मग चिपवर, मग मेहुण्याच्या ट्यूनवर, मग स्वतःवर चिडले होते. बेल वाजली असती तरी कदाचित कुणी मोकळं नसतं, हा विचार त्यांच्या रागाच्या यादीत कुठंच नव्हता. आता चिडायचं कुणावर? इतका मोठा राग हातात घेऊन ते व्हरांड्यात उभे राहिले, जसा पत्ता चुकलेला माणूस कपाट घेऊन उभा राहतो.

तेवढ्यात प्रशासक आले. त्यांचा सूट इस्त्रीचा होता आणि कपाळही. "केवढा हा गोंगाट! व्हिजिटर विचारताहेत. जुनं यंत्र कसं शांत होतं."

"ते शांत नव्हतं, बहिरं होतं," उकळे म्हणाले.

"जे काही होतं ते बरं होतं. आठवडा कशाला? आजच लिहून देतो." प्रशासकांनी फॉर्म काढला, 'असमाधानकारक'वर खूण केली, सही ठोकली आणि कागद सिस्टरपुढे धरला. "करा सही."

सिस्टर तर उकळ्यांवरच खवळलेल्या. या कागदावर अजून एक रेघ ओढली, की ट्यून, घसरती अक्षरं, फडकं, सगळं परत. दोन वर्षं.

सिस्टरनी पेन घेतलं. मग वाकून जमिनीवरची कागदाची गुंडाळी उचलली आणि ती हाताभोवती गुंडाळू लागल्या. गुंडाळता गुंडाळता प्रशासकांना म्हणाल्या, "साहेब, चौथी नर्स द्या म्हणून मी किती वेळा अर्ज केला?"

"त्याचा इथं काय संबंध?"

"पाच वेळा. दर वेळी तुम्ही लिहिता, 'आकडेवारी जोडा.' मी बेलची आकडेवारी जोडते आणि तुम्ही म्हणता, एवढ्याला तिघी पुरतात." त्यांनी गुंडाळी प्रशासकांच्या हातात कोंबली. "ही घ्या आकडेवारी. सकाळी नऊ ते बारा. आणि हे यंत्र हलवलंत तर मी रजेवर जाईन. मग बसा तुम्ही बेल ऐकत." त्यांनी फॉर्मवर 'समाधानकारक'ची खूण केली, पेनानं कागद फाटेल एवढ्या जोरात.

"दोघांची मतं वेगळी कशी चालतील?" प्रशासक लाल झाले.

फॉर्म उकळ्यांच्या कंपनीचा होता. पाठीमागे मुंगीएवढ्या अक्षरांत नियम छापलेले होते, ते जगात कुणीच वाचलेले नव्हते. उकळ्यांनी चष्मा वर ढकलून वाचले. नियम नऊ : दोन सह्यांमध्ये एकमत नसल्यास एकमत होईपर्यंत चाचणी चालू ठेवावी.

"होईपर्यंत," उकळ्यांनी मोठ्यानं पुन्हा वाचलं. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना एखादा नियम लिहिणाऱ्याचे पाय धरावेसे वाटले.

"माझं एकमत होणार नाही," सिस्टर म्हणाल्या.

"माझंही नाही!" प्रशासक गरजले आणि गुंडाळी घेऊन तरातरा निघून गेले. टाकून मात्र गेले नाहीत.

बेल वाजली. सात. एक नर्स इंजेक्शन देत होती, दुसरी ड्रेसिंगला, तिसरी लिफ्टमध्ये पेशंटबरोबर. सिस्टर सलाईनची बाटली घेऊन निघाल्या होत्या. जाता जाता त्यांनी उकळ्यांकडे बघितलं.

"खांबासारखे उभे काय राहिलात, काका? सातला जा. काय हवंय विचारा. हात लावू नका कशाला, नुसतं विचारा."

"मी? मी इंजिनिअर आहे."

"दिसतंय. जा."

उकळे पुटपुटत सातकडे गेले. खाटेवर एक म्हाताऱ्या बाई उशीला टेकून बसल्या होत्या. बटण दोन्ही हातांत धरलेलं.

"तुम्ही डॉक्टर?"

"नाही."

"मग?"

"बेल वाजली म्हणून आलो. काय हवंय?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. "वाजते का बघत होते."

उकळे उकळले. दोनशे बेल, तीन नर्स, आणि ही बाई म्हणे बघत होती! त्यांनी तोंड उघडलं. बाईंनी बटणावरून अंगठा काढलेला नव्हता. उघडलेलं तोंड त्यांनी तसंच थोडा वेळ ठेवलं, मग मिटलं.

"वाजते," ते म्हणाले.

"नक्की? मला इथून ऐकू येत नाही."

"मग पुन्हा दाबा."

"चालेल?"

"दाबा हो. मी आहे ना."

बाईंनी दाबलं. व्हरांड्याच्या टोकाला बेल खणखणली आणि तिच्यापेक्षा मोठ्यानं सिस्टरचा आवाज आला, "अहो काका! सातला अजून कुणी गेलं नाही का?"

"आहे!" उकळे ओरडले. अख्ख्या वॉर्डानं माना वळवल्या. "आहे मी सातला!"